बोरझरीचा थांबा

"बाई, तुमी मधात पडू नका," वच्छलाबाई मला म्हणाली आणि लुगडं सावरून रुळांच्या मधोमध बसली.

तिच्या मागून तिची लेक कमल बसली, मग सरपंचांची सून, मग शाळेच्या दप्तरांसकट साऱ्या मुली, आणि त्यांच्यामागे पुरुषमाणसं. बघता बघता फलाटापासून सिग्नलच्या खांबापर्यंत सगळं बोरझरी रुळांवर येऊन बसलं. मार्च संपत आला होता. सकाळचंच ऊन, पण खडी तापायला लागली होती.

मी फलाटावर आमच्या सामानाजवळ उभी होते. पेटी, दोन वळकट्या, पितळी भांड्यांचं पोतं. माझी सहा वर्षांची मंजुळा पेटीवर बसून पाय हलवत होती. हिवरदरीहून शेवटची गाडी येणार होती, आणि तीच आम्हाला घेऊन शेंदोळा जंक्शनला जाणार होती. त्यानंतर या लाइनवर गाडी धावणार नव्हती.

आमची लाइन लहान रुळांची होती. विलायती कंपनीने ती टाकली कापसासाठी. वऱ्हाडातल्या गावागावातला कापूस गोळा करून जंक्शनला न्यायचा आणि तिथून मुंबईला. कापूस पुढे ट्रकने जायला लागला, पण गाडी चालूच राहिली, कारण बोरझरीसारख्या गावांना दुसरा रस्ताच नव्हता. गावाच्या दोन्ही अंगांना नाले. पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा निघत नसे. हायस्कूल जंक्शनला, दवाखाना जंक्शनला, बाजारही तिथेच. स्टेशन म्हणजे दगडी भिंतींची एक खोली, पुढे कौलारू पडवी आणि मागे आमचं क्वार्टर. माझे यजमान, मधुकर पोहनकर, तिथे स्टेशनमास्तर होते. लग्न होऊन मी आले ती थेट त्या क्वार्टरमध्येच.

"हे बघा, वच्छलाबाई," यांनी फलाटाच्या कडेला येऊन सांगितलं, "गाडी यायची वेळ झाली आहे. ड्रायव्हरला वळणावरून काही दिसत नाही. काही विपरीत झालं तर?"

"मंग तुमी सिग्नल पाडू नका ना, मास्तर. गाडी थांबन तिकडंच."

"माझी नोकरी आहे ती."

"हे आमचं गाव हाय." ती शांतपणे म्हणाली. "ह्या टेशनाची जागा माह्या आजेसासऱ्यानं देली. गोऱ्या साहेबाले जिनवाल्या शेटजीच्या वावरात टेशन पाहिजे होतं. आजेसासरा म्हने, जागा माही घ्या, पन गाडी इथं थांबली पाहिजे. हरेक गाडी. साहेबानं हात देल्ला त्याले. आता गाडी बंद करता, तं आमाले इचारलं कोनी?"

यांनी सिग्नल पाडला नाही. थोड्या वेळाने वळणाआडून इंजिनाची शिट्टी आली, पुन्हा आली, आणि मग गाडी रखडत सिग्नलपाशी येऊन थांबली.

वच्छलाबाई गावची सुईण. नवरा मंजुळा जन्मायच्या आधीच गेलेला. मंजुळा तिच्याच हातांवर जन्मली. मुलगी तीन वर्षांची झाली तरी हाकेला वळत नाही, हे आधी तिनेच ओळखलं. तिने मला सांगितलं नाही. एक दिवस अंगणात माझ्यादेखत मंजुळाच्या पाठीमागे पितळी परात आपटली. मंजुळा मातीत रेघोट्या मारत राहिली. मग वच्छलाबाईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि परात घासायला घेतली.

मंजुळा हे नाव आम्ही हौसेने ठेवलं होतं.

तिच्याशी बोलण्याची पहिली रीत शोधली ती कमलने. पाणी, भूक, गाडी, आई, चिमणी, राग, सगळ्याला कमलने हाताच्या खुणा ठरवल्या. शाळेतून आली की दप्तर पडवीत टाकून ती मंजुळाला घेऊन बसायची. मी कमलकडून त्या खुणा शिकले. आईने लेकीची भाषा शेजारच्या पोरीकडून शिकायची, असं आमच्या घरी होतं. कमल नववीत होती. तिला नर्स व्हायचं होतं. बोरझरीची कोणतीच मुलगी तोवर मॅट्रिक झाली नव्हती, पण आता सातआठ जणी रोज सकाळच्या गाडीने जंक्शनच्या हायस्कूलला जात. एखादीला उशीर झाला तर हे गाडी धरून ठेवत. गार्ड ओरडायचा. हे म्हणायचे, "घड्याळ मागे आहे हो आमचं."

गावाचा यांच्यावर जीव होता, तो अशा गोष्टींमुळे. सरपंचांची सून अडली होती तेव्हा यांनी मालगाडी थांबवून तिला गार्डच्या डब्यातून जंक्शनला पाठवलं होतं. वरून खुलासा मागितला गेला. तो यांनी दिला, आणि शिक्षा म्हणून पगारवाढ थांबली तीही सोसली.

गाडीतून निमकर साहेब उतरले. सिग्नलपासून खडीतून चालत आले, त्यामुळे बुटांवर धूळ होती आणि चेहरा लाल झाला होता. लाइन बंद करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांच्यामागे उघड्या वाघिणीवर वरच्या स्टेशनांचं सामान रचलेलं दिसत होतं. बाकं, वजनकाटे, पितळी घंटा, तिकिटांची कपाटं. हिवरदरी, सावंगी, पळसोदा. एकेका स्टेशनाचं पोट रिकामं करत गाडी खाली आली होती.

"हा काय प्रकार आहे, पोहनकर?" त्यांनी विचारलं.

"लोकांचं म्हणणं आहे, साहेब, की गाडी बंद करू नका."

"ते मला दिसतंय. यांना उठवा. नाहीतर पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलवा ना," वच्छलाबाई रुळांवरूनच म्हणाली. "पोलिसबी ह्याच गाडीनं येतीन. दुसरा रस्ता कुठी हाय?"

लोक हसले. मलाही हसू आलं. निमकर साहेब मात्र हसले नाहीत. ते यांचा दंड धरून स्टेशनच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

खिडकीला तारेची जाळी होती. मला आत दोघं उभे दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. साहेब बोलत होते, हे मान हलवत होते, नाही, नाही. मग साहेब थांबले. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मला वाटलं, माझ्याकडेच. मी पदर सारखा केला. मग त्यांनी पुन्हा काहीतरी विचारलं, आणि हे तिकीट खिडकीजवळच्या स्टुलावर बसले. बराच वेळ बसून राहिले. साहेबांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

रुळांवर तोवर वच्छलाबाईने गाणं धरलं होतं. दळणाचं गाणं, पण मधले शब्द तिने गाडीचे घातले होते. बायका हसत साथ देत होत्या. कमलने फलाटावरच्या मंजुळाला खूण केली, गाडी, बसायचं, नाही, आणि दोघी खिदळल्या.

हे बाहेर आले ते टोपी घालून. युनिफॉर्मची टोपी हे एरवी घालत नसत, साहेबांची तपासणी असली तरच. फलाटाच्या कडेला उभे राहिले, आणि लोक आपोआप गप्प झाले.

"मी साहेबांशी बोललो," हे म्हणाले. "लाइन बंद होते आहे ती कायमची नाही. हे लहान रूळ काढून मोठे टाकायचे आहेत. मोठी गाडी येणार आहे. नागपूरची, भुसावळची. त्याचं माप घेऊन झालं आहे. पण जुने रूळ निघाल्याशिवाय नवे कसे टाकणार? आज तुम्ही अडवलं तर कामच अडेल, आणि मग ते लोक लाइन दुसरीकडून नेतील."

"आन् बोरझरीचा थांबा?" वच्छलाबाईने विचारलं.

"राहील."

"कोन म्हनते? साहेब, का तुमी?"

यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मागच्या बाभळीकडे पाहिलं. "मी म्हणतो," हे म्हणाले. "दोन वर्षं कळ काढा."

"दोन वर्सं पोरी शाळेत कशा जातीन?"

"साहेब बसची सोय बघणार आहेत."

निमकर साहेबांनी मान हलवली.

कोणीतरी मागून ओरडलं, "साहेबाचा भरवसा नाही आमाले!" दुसऱ्याने त्याला दटावलं. सगळे वच्छलाबाईकडे बघत होते. ती हाताची माती झटकून उठली.

"साहेबाचा मलेबी भरवसा नाही," ती म्हणाली. "पन मास्तर सांगून राह्यले ना. उठा व बायांनो. मास्तर खोटं बोलनार नाही."

एकामागून एक सगळे उठले. कपडे झटकले. ज्या माणसांनी इंजिनाला आत येऊ द्यायचं नाही म्हणून शपथा घेतल्या होत्या, त्यांनीच पुढे पळत जाऊन ड्रायव्हरला हात केला. गाडी फलाटाला लागली तेव्हा कोणीतरी आंब्याच्या डहाळ्या आणून इंजिनाला बांधल्या. डफडं आलं. मोठी गाडी येणार म्हणून लोक नाचत होते. तोवर हमालांनी आमच्या पडवीतलं बाक उचललं, घंटा काढली, वजनकाटा वाघिणीवर चढवला. त्यांना हातभारही गावच्याच लोकांनी लावला.

वच्छलाबाईने माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि खणाऐवजी तिच्या स्वतःच्या पेटीतलं नवं कोरं लुगडं.

"मोठ्या गाडीत या आता," ती म्हणाली. "मंजीले घेऊन."

कमल मंजुळाला सोडत नव्हती. शेवटी तिनेच तिला उचलून डब्यात चढवलं आणि खिडकीशी उभी राहून खुणा करत राहिली. दोन वर्षं. मोठी गाडी. मी येईन. मंजुळाने सगळं समजल्यासारखी मान डोलावली.

गाडी हलली. डफडं बराच वेळ ऐकू येत होतं.

डब्यात आम्ही तिघंच. निमकर साहेब पुढच्या डब्यात. नाल्यावरचा पूल ओलांडल्यावर मी म्हणाले, "बरं झालं बाई, सुखासुखी उठले लोक. मला वाटलं होतं, आज लाठ्या चालणार."

हे खिडकीबाहेर बघत होते. टोपी मांडीवर होती.

"मोठी लाइन बोरझरीवरून जाणार नाही," हे म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"नकाशा मी पाहिला. आता, खोलीत. ती पळसोद्यावरून वळते आणि सिमेंटच्या कारखान्याकडे जाते. बोरझरी राहते बाजूला. कित्येक कोस बाजूला. इकडे पुन्हा कधीच गाडी येणार नाही."

"आणि बस?"

"रस्ताच नाही, तर बस कुठून येईल?"

मंजुळा खिडकीच्या गजांना नाक लावून बाहेर बघत होती. मी हळू आवाजात विचारलं. का हळू, देव जाणे. तिला ऐकू येणार नव्हतंच.

"साहेबांनी पोलिसांची भीती घातली का? बायकापोरांवर लाठ्या पडतील म्हणून तुम्ही..."

"तसं तुला सांगता आलं असतं," हे म्हणाले. "गाडी चालू झाल्यापासून मी तेच जुळवत बसलो होतो, की तुला तसं सांगावं." मग ते माझ्याकडे वळले. "माझी बदली वाडी बुद्रुकला झाली होती. तिथे याच्याहून लहान स्टेशन आहे. नागपूरसाठी चार वर्षं अर्ज करतो आहे, तुला माहीत आहे. साहेब म्हणाले, लोकांना तंटा न होता उठवा, मी तुम्हाला नागपूर देतो. क्वार्टरसुद्धा. मुक्याबहिऱ्यांच्या शाळेच्या रस्त्यावरच आहे."

गाडी एका चढावर मंद झाली होती. बाहेर पळस फुलले होते.

"मी आधी नाही म्हटलं," हे म्हणाले. "तीनदा म्हटलं. मग त्यांनी विचारलं, ती पेटीवर बसली आहे ती तुमचीच मुलगी का?"

मी काय म्हणायला हवं होतं? साखळी ओढायला हवी होती? त्या गाडीला साखळी होती की नाही, तेही मला आठवत नाही. मी मंजुळाला ओढून मांडीवर घेतलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कमलने शिकवलेली खूण केली. राग? मी मान हलवली. नाही.

जंक्शन आलं, तसे हे उठून वळकट्या उतरवायला लागले.

नागपूरची शाळा खरोखरच चांगली होती. सहा वर्षांची मुलगी म्हणजे जरा उशीरच झाला, असं तिथल्या बाई म्हणाल्या; आणखी दोनतीन वर्षं गेली असती तर वाचा फुटणं कठीण होतं. मंजुळाच्या कानाला यंत्र लागलं. बाई तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवत आणि स्वर काढत, मग मंजुळाचा हात तिच्याच गळ्यावर. पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून "आई" म्हणाली. जाड, फुटका आवाज होता. हातातली उलथनी टाकून मी खाली बसले. हे बाहेरच्या खोलीत होते, त्यांनीही ऐकलं. ते आत आले नाहीत.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात वच्छलाबाई आली. नाले कोरडे असताना बैलगाडीने फाट्यापर्यंत, तिथून ट्रकने, पुढे एसटीने. सोबत तुरीची डाळ होती आणि मंजुळासाठी बोरकूट. अंगाने ती निम्मी झाली होती.

हे घरीच होते. तिने दारातच विचारलं, "मास्तर, रूळ तं सारे काढून नेले. टेशनची कौलं बी गेली. मोठी गाडी कवा येते?"

यांनी तिला बसायला सांगितलं. मी पाणी दिलं. हे म्हणाले, "काय सांगू, वच्छलाबाई. लाइन दुसरीकडून गेली."

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग तिने जे केलं ते मी विसरू शकत नाही. ती उठली आणि यांच्या पाठीवरून हात फिरवला, माझ्या डोक्यावरून एकदा फिरवला होता तसाच.

"तुमी जिवाले लावून घेऊ नका, मास्तर," ती म्हणाली. "साहेबानं तुमालेबी फसवलं. गावात मी सांगतलं साऱ्यायले. मास्तरचा काही दोष नाही."

हे मान खाली घालून बसले. मी वाट पाहिली. आता बोलतील, आता बोलतील.

"कमल कशी आहे?" मीच विचारलं.

"देल्ली ना मांगच्या वैशाखात. काय करता? घरी बसून होती. साऱ्याच पोरी बसून होत्या. लगीन करून देल्लं." तिने पदराने तोंड पुसलं. "सासू मारते म्हनतात. पोटुशी हाय."

आतून मंजुळा आली. वच्छलाबाईला पाहून क्षणभर थबकली, मग धावत येऊन तिच्या गळ्यात पडली. "आजी," ती म्हणाली. मग यंत्र सावरून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "कमल कुठे?" शब्द तुटक होते, पण समजण्यासारखे.

वच्छलाबाईच्या डोळ्यांना धार लागली. "बोलते व माय! बोलते पोरगी! मास्तर, बोलते!" ती मंजुळाचं तोंड दोन्ही हातांत धरून कुरवाळत राहिली. ती खरोखर आनंदली होती. मला ते बघवेना.

"वच्छलाबाई," मी म्हणाले, "यांना माहीत होतं."

"इंदू," हे म्हणाले.

"गाडी यायची नाही, हे यांना त्या दिवशी खोलीतच कळलं होतं. नकाशा पाहिला होता यांनी. तुम्हाला उठवलं की नागपूर मिळणार होतं. या शाळेसाठी."

तिचे हात मंजुळाच्या गालांवर तसेच राहिले. मग तिने ते हळूच काढून घेतले, जसं झोपलेल्या मुलाखालून काढून घेतात. यांच्याकडे तिने पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"हे मले काहून सांगतलं, बाई?" ती म्हणाली.

मी तिचा पेला उचलून घेतला.

"लोकं मास्तरच्या शब्दानं नाही उठले. माह्या शब्दानं उठले. मी म्हनलं उठा, म्हनून उठले. आता मी गावात जाऊन काय सांगू?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचं वझं हलकं झालं. माह्या डोक्शावर देलं तुमी."

चहा ठेवला होता, तो उकळून खाली सांडत होता. ती उठली. दारात चपला घालताना तिने मंजुळाला जवळ घेतलं, पोटाशी धरलं आणि सोडलं. मग पिशवी रिकामी करून डाळ आणि बोरकूट नीट कोनाड्यात ठेवलं, आणलेलं परत नेऊ नये म्हणून, आणि रिकामी पिशवी काखेत घेऊन गेली. मी फाटकापर्यंत गेले. तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर यांच्यात आणि माझ्यात या गोष्टीवर पुन्हा एक शब्द झाला नाही. संसार झाला. मंजुळा शिकली, त्याच शाळेत शिक्षिका झाली. यांना सारं शहर सज्जन म्हणायचं. ते होतेही.

गेल्या वर्षी हे गेले. पेपरात दोन ओळी छापून आल्या होत्या. तेराव्याला अचानक बोरझरीहून माणसं आली, जीप करून. आता तिकडे कच्चा रस्ता झाला आहे. म्हातारे झालेले सरपंच होते, त्यांची सून होती, रुळांवर बसलेल्या मुलींपैकी दोघी होत्या, केस पिकलेल्या. यांच्या फोटोला हार घालून ती माणसं रडली. देवमाणूस होता, म्हणाली. साहेबानं फसवलं बिचाऱ्याला, म्हणाली.

म्हणजे तिने गावात काहीच सांगितलं नव्हतं.

मी सरपंचांच्या सुनेला बाजूला घेऊन विचारलं, "वच्छलाबाई आहेत ना?"

"हाये ना!"

"आल्या नाहीत. तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीले काय झालं तिच्या!" ती म्हणाली. "सकाळी आमच्यासंगं नाल्यापावतर, जीपपाशी, चालत आली होती. जीपमंदी जागाबी होती. म्हने, तुमी जा."